180 चौरस फुटांत पक्षाघाताची शुश्रूषा : परळच्या चाळीतल्या कामाच्या नोंदी

29 जूनला पहाटे माझ्या थोरल्या भावाला, दादाला, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी महापालिकेच्या रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात सिस्टर होते, आता निवृत्त आहे. असे पेशंट आयुष्यभर सांभाळले. पण वॉर्डात हाताशी मावशी असतात, मामा असतात, भिंतीतून ऑक्सिजन येतो. इथे दुसऱ्या मजल्यावर एक खोली, गॅलरीच्या टोकाला सामायिक संडास, आणि लिफ्टचा पत्ता नाही. मुंबईत अशाच घरात पेशंट आणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय. जे जमलं नाही ते जास्त सविस्तर लिहिलंय, कारण वेळ आणि पैसा तिथेच जातो.

8 जुलै

येत्या शनिवारी डिस्चार्ज. आज खोली मोजली आणि वहिनीकडून त्या पहाटेच्या वेळा लिहून घेतल्या.

वेळा आधी लिहिते, कारण सगळं त्यांवर फिरलं. वहिनीने दादाचं तोंड वाकडं झालेलं पाहिलं ते सहा वाजून दहा मिनिटांनी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता : माणूस शेवटचा धडधाकट कोणी आणि कधी पाहिला? आमच्याकडे पाणी पाचला येतं. सव्वापाचला शेजारच्या काकूंशी दादा पाण्यावरून नीट बोलला होता. म्हणजे घड्याळ सव्वापाचपासून धरायचं. साडेसातच्या आत रुग्णालयात, लगेच सीटी स्कॅन, मेंदूत रक्तस्राव नाही असं कळल्यावर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन. हे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि स्कॅनआधी देत नाहीत, कारण रक्तस्राव असेल तर त्यानेच माणूस जाईल. घरात ॲस्पिरिन चघळायला देणारे नातेवाईक मी वॉर्डात पाहिलेत. छातीत दुखण्याचा सल्ला ते इथे लावतात. पक्षाघातात स्कॅन होईपर्यंत गोळी नाही, पाणी नाही, चहा नाही.

इंजेक्शनने पाय थोडा हलायला लागला. हात आणि बोलणं तसंच. गिळणं सुरक्षित नाही, म्हणून नाकातून रायल्स ट्यूब आहे, म्हणजे थेट पोटात जेवण पोचवणारी नळी.

डिस्चार्जआधी वॉर्डातून लिहून घ्यायच्या गोष्टी : ट्यूब घातल्याची तारीख, नाकपुडीपाशी ती किती सेंटिमीटरवर आहे, कोणती गोळी कुटून चालते आणि कोणती नाही, बीपी किती वर गेलं की फोन करायचा. कार्डावर 'फॉलोअप' एवढंच लिहून मिळतं. बाकीचं विचारावं लागतं, आणि सगळे विचारत नाहीत.

10 जुलै

पाठ वर होणारी लोखंडी कॉट भाड्याने मागवली. जिन्याच्या पहिल्या वळणावर अडकली. उभी केली, आडवी केली, कठड्यावरून उचलून पाहिली. अर्धा दिवस गेला, हमालांचे 700 रुपये गेले, कॉट परत गेली. दुसऱ्या दुकानात नट-बोल्ट काढून सुटी होणारी मिळाली. महिन्याला 3,200 भाडं, 5,000 डिपॉझिट. चाळीत कॉट मागवताना दुकानदाराला भाड्याआधी जिन्याची रुंदी सांगावी.

कॉट भिंतीला चिकटवली तर खोलीत चालायला जागा उरते, म्हणून सगळ्यांना तसंच हवं होतं. मी नाही म्हटलं. पेशंटला कुशीवर वळवायला दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे, नाहीतर एकच माणूस वाकून ओढतो आणि त्याची कंबर जाते. मग कपाट बाहेर गॅलरीत काढलं, त्यावर ताडपत्री. कॉटचं डोकं भिंतीकडे, दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट. पुतण्या आणि सूनबाई रात्री ओट्यापाशी झोपतात.

12 जुलै

दादा घरी. चौघांनी खुर्चीवर बसवून वर आणला. खुर्ची हातांची आणि लाकडी हवी. प्लॅस्टिकची दाबाने फाकते. वर चढवताना पेशंटची पाठ जिन्याकडे, तोंड खाली उतरणाऱ्या बाजूला, आणि कमरेभोवती व खुर्चीभोवती मिळून चादर बांधलेली. उजवा हात लोंबकळू नये म्हणून मांडीवर उशीवर.

भिंतीवर तक्ता लावला. वेळ, कूस, नळीतून काय आणि किती, लघवी, बीपी, सही. सही मुद्दाम ठेवली. वॉर्डातही जिथे सही नसते ते काम झालेलं नसतं.

15 जुलै

नळी तुंबली. नाचणीचं सत्त्व चहाच्या गाळणीने गाळलं होतं, बारीक गुठळ्या राहिल्या. रात्री साडेनऊला सिरिंज पुढे जाईना. कोमट पाणी घालून दांडा हलक्या हाताने मागे-पुढे केला, दहा मिनिटं थांबून पुन्हा केला, तेव्हा सुटली. जोर लावायचा नाही आणि तार तर कधीच घालायची नाही. न सुटती तर त्या वेळी ट्यूब बदलायला घरी येणाऱ्या ब्रदरचे 800 आणि ट्यूबचे वेगळे.

आता सत्त्व, मुगाचं कढण, ताक, सगळं धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळतो. एका वेळी 200 मिलिच्या आसपास, प्रत्येक फीडनंतर आणि प्रत्येक औषधानंतर 30 मिलि साधं पाणी. गोळ्या एकत्र कुटायच्या नाहीत. एकेक कुटून, विरघळवून, मध्ये पाणी.

फीडची रीत वहिनीच्या हाताने करून घेतली. आधी नाकपुडीवरची खूण जागेवर आहे ना ते पाहायचं. मग तोंड उघडून नळी घशात गुंडाळली नाही ना ते बॅटरीने पाहायचं. खूण सरकली असेल तर फीड नाही, आधी विचारायचं. पाठ अर्धी उभी, फीड झाल्यावर तासभर तशीच. सिरिंजचा दांडा काढून नळकांडं वर धरायचं आणि आपोआप उतरू द्यायचं. दांड्याने ढकललं की पोट फुगतं, उलटी होते आणि उलटी फुफ्फुसात जाते. वहिनीचा हात पहिल्या दिवशी थरथरत होता. आज माझ्यापेक्षा शांतपणे करते.

19 जुलै

एअर बेडचा पंप बंद. 2,600 रुपयांचा होता. उंदराने हवेची नळी कुरतडली होती, पहाटे गादी जमिनीला टेकल्यासारखी सपाट झाली. तेवढ्या तासांत दादाच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोट दाबून उचललं तर पांढरा होईना. दाबल्यावर डाग पांढरा झाला तर तिथे रक्त फिरतंय. लालच राहिला तर आतल्या मांसाला इजा सुरू झाली. कातडी फाटायची वाट पाहायची नसते.

डागावर तेल चोळायला शेजारी सरसावले होते. लाल जागा चोळायची नाही, आतलं आणखी फाटतं. पावडरही नाही. रबरी रिंगवर बसवणंही नाही, कडेने रक्त अडतं. उपाय एकच, त्या जागेवर वजन येऊ द्यायचं नाही. चार दिवस पाठीवर झोपवणं बंद. फक्त डावी आणि उजवी कूस, तीही पूर्ण आडवी नाही, पाठीमागे उशी लावून तिरकी. लुळ्या बाजूवर कमी वेळ. टाचा हवेत राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी. फीडला पाठ उभी केली की सगळा भार पुन्हा माकडहाडावर येतो, म्हणून फीडही कुशीवरच, डोकं उंच ठेवून.

पंपाची नळी बदलून मिळाली 350 ला. ती आता पत्र्याच्या जाड पन्हाळीतून नेली आहे. पण एअर बेड असो वा नसो, दर दोन तासांनी वळवणं सुटत नाही. दुकानदार सांगतात की गादी घेतली की वळवायला नको. ते खरं नाही.

वळवायला वहिनीच्या जुन्या सुती लुगड्याची चौपट घडी केली, खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली राहील एवढी. दोघांनी दोन्हीकडून कापडाच्या कडा गुंडाळून अंगाजवळ घट्ट धरायच्या, 'एक दोन तीन' म्हणून उचलून सरकवायचं, मग वळवायचं. माणूस नुसता ओढला की चादरीवर कातडी घासते. नायलॉनचं कापड घेऊ नका, घाम जिरत नाही. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून अशा चार घड्या हव्यात. आमच्याकडे दोन होत्या, दोन शेजारून आल्या.

24 जुलै

ब्यूरोची बाई ठेवली, 12 तासांचे 900. पहिल्याच दिवशी तिने दादाला उजव्या काखेत हात घालून वर ओढला. संध्याकाळी खांद्याला हात लावू देईना. लुळ्या हाताचे स्नायू खांदा धरून ठेवत नाहीत, हाताच्या वजनानेच सांधा खाली उतरतो. वरून ओढलं की महिनोन्महिने दुखणं बसतं आणि मग व्यायामच थांबतो. बाईचा दोष कमी, तिला कोणी शिकवलंच नव्हतं. ब्यूरो माणूस पाठवतं, प्रशिक्षण तपासत नाही.

तक्त्याशेजारी दुसरा कागद लावला : उजव्या हाताला धरून ओढू नये. काखेत हात घालू नये. झोपलेला असो वा बसलेला, उजव्या कोपराखाली उशी. सदरा घालताना आधी उजवा हात, काढताना शेवटी उजवा. शेवटची ओळ साधी वाटते, पण रोजची झटापट तिनेच थांबली.

बाई शिकली आणि चौथ्या दिवशी दुसरीकडे जास्त पगारावर गेली. आलेल्या प्रत्येकीला पहिल्या तासात हा कागद वाचून, करून दाखवायचा.

28 जुलै

श्रावण लागला. खालच्या मजल्यावर सत्यनारायण. तीर्थ-प्रसाद घेऊन एक बाई वर आल्या, वहिनी मोरीत होती. त्यांनी श्रद्धेने दादाच्या तोंडात चमचाभर तीर्थ घातलं. दादाला ठसका लागला, मग बराच वेळ घशात पाणी असल्यासारखा ओला आवाज.

30 जुलै

काल संध्याकाळी 101 ताप, श्वास भराभर. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात डाग, म्हणजे न्यूमोनिया. जवळच्या लहान नर्सिंग होममध्ये दाखल. त्या चमच्यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. अशा पेशंटची स्वतःची लाळही श्वासनलिकेत उतरते, आणि कित्येकदा ठसकाही लागत नाही. पण गिळण्याची तपासणी होईपर्यंत पातळ पदार्थ सगळ्यांत धोक्याचा, आणि पाणी-चहा-तीर्थ सगळे पातळच.

आणखी एक गोष्ट या आठवड्यात सैल पडली होती : तोंड धुणं. नळीने जेवतो त्याचे दात कशाला घासायचे, असं बाईला वाटत होतं. उलट त्याच्याच तोंडात जंतू वाढतात आणि लाळेबरोबर फुफ्फुसात जातात. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, कुशीवर वळवून, ओल्या गॉजने गालाच्या आतून पुसून.

4 ऑगस्ट

घरी. बिल 18,400. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी : 'तोंडाने काहीही देऊ नका. तीर्थसुद्धा नाही. नमस्कार करा, दादा ओळखतात.' ज्यांनी तीर्थ दिलं होतं त्याच काकू आता येणाऱ्या-जाणाऱ्याला पाटी वाचायला लावतात. कबुतराच्या रक्ताची मालीश सुचवणाऱ्यांनाही त्यांनीच परस्पर परत पाठवलं.

5 ऑगस्ट

वहिनी चक्कर आली म्हणून ओट्याला धरून बसली. बीपी 172/104. कधी तपासलंच नव्हतं. रात्री बाराची आणि दोनची कूस तीच बदलत होती, आणि तक्त्यावर सही पुतण्याची होती, त्याला सकाळची शिफ्ट असते म्हणून. तक्ता खोटा झाला की माणूस आजारी पडतो. नवीन वाटणी : बारा आणि दोन पुतण्या, चार आणि सहा वहिनी, आठपासून मी. सूनबाईंकडे फीडची तयारी आणि औषधं.

वहिनीला महापालिकेच्या जवळच्या 'आपला दवाखान्या'त नेलं, गोळी सुरू झाली. मिसरी लावते, तीही सोडायला सांगितलीय. तंबाखू दाताला लावा, चघळा नाहीतर ओढा, रक्तवाहिन्यांना वाईटच.

9 ऑगस्ट

दादाला हे का झालं, याचं उत्तर कपाटाच्या खणात सापडलं. बीपीच्या गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या. बरं वाटायला लागल्यावर त्याने फेब्रुवारीत बंद केल्या होत्या. बीपी वाढलेलं कळत नाही, डोकं दुखत नाही, म्हणून लोक गोळी सोडतात. पक्षाघाताच्या कारणांत वाढलेलं बीपी पहिलं आहे आणि त्यावर इलाजही हाताशी आहे.

आता चार गोळ्या कायमच्या : रक्त पातळ ठेवणारी एक, कोलेस्टेरॉलची एक, बीपीच्या दोन. रुग्णालयासमोरच्या दुकानात महिन्याचे 1,450 झाले होते. तीच औषधं, तेच घटक, जनऔषधी केंद्रात 380. डॉक्टरांना पट्टी दाखवून खात्री करून घेतली. पैशासाठी गोळी सुटू नये म्हणून हे लिहिलंय.

बीपीचं मशीन घेतलं, 1,700. पहिले आकडे भरमसाट आले, घर हादरलं. कारणं एकेक करून शोधली. व्यायामानंतर लगेच घेतलं होतं. पट्टा सदऱ्यावरून बांधला होता. आणि लुळ्या हातावर बांधला होता. आता पाच मिनिटं शांत, पाठ टेकलेली, डावा हात उघडा आणि छातीच्या उंचीवर उशीवर, कोणी बोलायचं नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा घेऊन दोन्ही लिहायचे. डॉक्टरांनी 130/80 च्या खाली ठेवायला सांगितलंय. सध्या 140 च्या आसपास.

14 ऑगस्ट

बोलणं. दादा सगळ्याला 'नाही' म्हणतो. पाणी हवं असलं तरी 'नाही', आणि मग चिडून डाव्या हाताने कॉट बडवतो. पाहुणे मोठ्याने ओरडून बोलतात, जणू ऐकूच येत नाही. बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते. तिथे इजा झाली की शब्द हाताला लागत नाहीत, बुद्धी शाबूत असते. पुतण्याने मुळाक्षरांचा तक्ता आणला, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला बहुतेक वेळा अक्षरंही जुळवता येत नाहीत.

चालली ती चित्रं. बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर सूनबाईंनी पाण्याचा तांब्या, लघवीचं भांडं, पंखा, उशी, 'दुखतंय' म्हणून वाकडा चेहरा काढला. विचारताना एकच प्रश्न, हो-नाहीचा, आणि उत्तराला भरपूर वेळ. अंगठा वर म्हणजे हो.

दादा बेस्टमध्ये कंडक्टर होता. आज पुतण्याने सहज त्याच्या कानाशी म्हटलं, 'भायखळा...' आणि दादाने पुढे स्पष्ट म्हटलं, 'लालबाग, परळ, दादर. पुढे चला, पुढे चला.' वहिनी हातातलं ठेवून धावत आली. तोंडात बसलेलं, हजारदा म्हटलेलं बोलणं कित्येकदा शाबूत राहतं : आकडे, वार, अभंग, आरत्या. पाणी मागणं वेगळं, ते नव्याने बांधावं लागतं, म्हणून यावरून उद्या तो बोलायला लागेल असं मी कोणाला सांगितलं नाही. पण त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. रोज सकाळी थांबे म्हणून मग चित्रांचा पुठ्ठा, असा क्रम ठेवलाय. वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग संस्थेत वाचोपचारासाठी, म्हणजे स्पीच थेरपीसाठी, नाव नोंदवलं.

25 ऑगस्ट

नळी निघाली. तपासणीत घट्ट आणि मऊ पदार्थ सुरक्षित ठरले, पातळ अजून नाही. पाणीही घट्ट करून, पावडर मिसळून. तिचा डबा महाग आहे, 600 च्या पुढे, आणि आठवडाही पुरत नाही. जमेल तिथे घट्ट दही, कुस्करलेलं केळं, गुरगुट्या भात वाटून.

ताठ बसवून, हनुवटी खाली, लहान चमचा, डाव्या गालाकडून. दोन घासांत घाई नाही. शेवटी उजव्या गालात बोट घालून शिल्लक काढायची. तिकडे जाणीव नसल्याने घास तासभर तसाच राहतो आणि झोपेत घशात उतरतो. जेवताना टीव्ही बंद. साबुदाणा, पोहे, फरसाण नाही. परवा गणपती. उकडीचा मोदक मागेल हे माहीत आहे. पारी चिकट, सारण सुटं, दोन्ही घशाला वाईट. त्याच्यासाठी तांदळाची खीर मिक्सरमधून घट्ट काढायची ठरवलंय.

31 ऑगस्ट

मंडळाच्या मांडवात आरतीआधी तासभर टेबल टाकलं. माझं मशीन आणि आणखी एक, खुर्च्या, वही. चाळीतले बीपी तपासायला आले. पुष्कळांचं वाढलेलं निघालं, आणि पुष्कळांनी ते आयुष्यात पहिल्यांदा मोजलं होतं. एका आकड्यावरून कोणाला गोळी लागत नाही. पुन्हा दोन दिवस मोजून मग दवाखान्याची चिठ्ठी.

मांडवाच्या खांबाला चार ओळी लावल्या. हसायला सांगा, चेहरा एका बाजूला उतरतो का. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का. वाक्य म्हणायला सांगा, जीभ अडखळते का. यातलं एकही झालं तर वेळ लिहा आणि 108. विसर्जनापर्यंत लालबाग-परळचे रस्ते केव्हाही बंद होतात, म्हणून केईएम रुग्णालयात जायची आतली गल्ली कार्यकर्त्यांबरोबर आधीच पाहून ठेवली. जिथे चोवीस तास सीटी स्कॅन चालू असतो तिथेच जायचं. आधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दाखवू म्हणून जो तास जातो, तो परत मिळत नाही.

2 सप्टेंबर

पहिल्या मजल्यावरच्या एका काकांच्या हातातून चहाचा कप पडला. हात लुळा, बोलणं जड. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. घरचे म्हणाले, दगदगीने झालं असेल, आरती आटपू द्या. मी हट्टाने नेलं, मांडवातल्या मुलांनी माणसं बाजूला केली. आपोआप बरं झालेला असा झटका म्हणजे मोठ्या पक्षाघाताची आगाऊ सूचना असते, आणि पहिल्या दोन दिवसांत धोका सर्वाधिक. बीपी 190/110. स्कॅन झाला, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली, औषधं सुरू झाली. काका चालत घरी आले. दादाच्या बाबतीत अशी सूचना आलीच नव्हती, सगळ्यांच्या बाबतीत येत नाही.

21 सप्टेंबर

मीठ. कमी टाका असं सांगून काही होत नाही, प्रत्येकाला आपलं कमीच वाटतं. म्हणून पुड्यावर तारीख लिहिली. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चार माणसांना 20 ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा 50 दिवस चालायला हवा. ऑगस्टच्या शेवटी फोडलेला आज तळाला आलाय. शिवाय पापड, लोणचं, सुकट यांचं मीठ वेगळंच. कणकेतलं मीठ बंद केलं, कोणाच्या लक्षात आलं नाही. ताकातलं बंद केलं, लगेच आलं. सुकट दोन पाण्यांतून धुऊन, आठवड्यातून एकदाच.

5 ऑक्टोबर

दादा धरून उभा राहतो. हाजी अलीच्या फिजिकल मेडिसिन संस्थेत दाखवलं, घोट्याला आधार देणारा पट्टा मिळाला. टॅक्सीचे जाऊन-येऊन 400, जिना उतरवायला अजून तीन माणसं. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट 600 घेतो. रोज परवडत नाही म्हणून आठवड्यातून तीनदा, बाकीचे दिवस त्याने शिकवलेलं पुतण्या करून घेतो. बोटं अजून बंद आहेत.

रात्री विनाकारण रडतो, लगेच थांबतो, वहिनी घाबरते. काही वेळा मेंदूच्या इजेनेच रडू आवरत नाही. पण दिवसाही गप्प, व्यायामाला तोंड फिरवतो, म्हणून डॉक्टरांना सांगितलं. मन खचणं हा या दुखण्याचाच भाग आहे आणि त्यालाही औषध असतं. सुरू केलंय.

2 नोव्हेंबर

दिवाळी निभावली. फराळ शेजाऱ्यांना वाटला. दादाला रव्याचा लाडू दुधात भिजवून वाटून.

बीपी आठवडाभर 126 ते 132. वहिनीचं 134. नवा मिठाचा पुडा अजून निम्मा आहे. कॉट परत केली, डिपॉझिटमधून 500 कापले. आता घरचाच दिवाण, खाली लाकडी ठोकळे लावून गुडघ्याएवढा उंच केलेला, म्हणजे उठताना पाय जमिनीला लागतात. कमोड खुर्ची 2,100 ची, तिच्या चाकांना ब्रेक नीट लागत नाहीत, म्हणून चाकंच काढून टाकली.

रविवारचं बीपीचं टेबल मंडळाने कार्यालयात सुरू ठेवलंय, वही दोन मुली सांभाळतात. गोळी सोडलेल्यांच्या नावापुढे त्या तांबडी खूण करतात आणि घरी जाऊन विचारतात.

उरलेलं काम जिन्याचं. दादाला डाव्या हाताने धरता येईल असा कठडा चढताना आहे, उतरताना नाही. भिंतीच्या बाजूने लोखंडी पाइप बसवायला चाळ कमिटीने होकार दिला, वेल्डरने दुसऱ्या मजल्यापर्यंत 7,500 सांगितले. सोमवारी माप घ्यायला येतोय. पाइप किती जाड घ्यायचा आणि भिंतीपासून किती अंतरावर, ते बसवून झाल्यावर इथेच लिहीन.